साडेनऊ किलो

आमची अंगणवाडी मंडळाच्या खोलीत भरते.
अर्ध्या खोलीत ढोल, झुंबर, मागच्या सालचा थर्माकोलचा महाल,
उरलेल्या अर्ध्यात आम्ही एकतीस जण.
गणपती आले की आम्ही उठतो,
सतरंजी, फळा, खिचडीचं पातेलं घेऊन
कोंडाबाईंच्या ओट्यावर बसतो.
परत येतो तेव्हा फरशीवर गुलाल असतो.
पोरं त्यात बोटानं गोल काढतात.
दोन दिवस मी झाडू देत नाही.

आज वजन.
झुंबराच्या हुकाला काटा, काट्याला झोळी, झोळीत पोर.
रडणाऱ्याचा काटा थरथरतो.
थांबायचं.
एकोणीस वर्षांत एवढं एक पक्कं कळलं,
रडं सरल्यावरचं वजन खरं.

तेजल आम्रपाली ओव्हाळ. वय तीन वर्षं, दोन महिने.
साडेनऊ किलो.
मोबाइलनं रकाना लाल केला आणि विचारलं,
पालकांचे समुपदेशन केले का? होय. नाही.

समुपदेशन म्हणजे मी आंबिल ओढ्याच्या कडेला उभी,
आणि आम्रपाली सहकारनगरच्या चौथ्या घरची कणीक
नखांतून काढतेय.
मी म्हणते, दिवसातून पाच वेळा भरवायचं.
ती म्हणते, कोणी?
शेजारी रिद्धी. वय आठ, कडेवर तेजल.
शाळेच्या पटावर नाव आहे, बाकावर ती नाही.
"एकीला शाळेत घालायचं तर दुसरीला कुठं ठेवू, ताई?"
मी 'होय'वर बोट ठेवलं.
घरी जाईपर्यंत ते बोट मला माझं वाटेना.

कागदावर अंगणवाडी साडेनऊला उघडते.
आम्रपालीचं पहिलं घर साडेसातला.
मधले दोन तास कुणाचेच नाहीत,
ना खात्याचे, ना माझ्या मानधनातले.
मंडळाच्या गौरवकडे किल्ली मागितली.
तो म्हणाला, "ढोलाला पाय लागू देऊ नका, बस्स."
शालन, माझी मदतनीस, तिनं काहीच विचारलं नाही,
दुसऱ्या दिवशी सातला घरचा स्टोव्ह घेऊन आली.
तेजलसाठी उघडली खोली.
शनिवारपर्यंत अकरा पोरं.
इतक्या घरांची सकाळ अडून बसली होती
आणि मी एकोणीस वर्षं साडेनऊला येत होते.

रिद्धी शाळेला निघाली
आणि कोपऱ्यावरून तीनदा मागं आली.
कडेवर कुणी नाही, तरी डावीकडे कललेली.
शेवटी तिनं पाठीवरचं दप्तर काढलं,
कडेवर घेतलं,
मग चालता आलं.

दिवाळीनंतरचं वजन.
तेजल झोळीत बसून ढोलांकडे बघत राहिली.
रडली नाही, काटा लगेच थांबला.
नऊ किलो आठशे.
रकाना लालच.

वस्तीत रेंज नाही.
माहिती पाठवायला मी पर्वती चढते,
साठ-सत्तर पायऱ्यांवर मोबाइलमधला गोल फिरायला लागतो.
तोवर कठड्याला टेकून उभी राहते,
खाली पत्रे, पत्र्यांवर टायर, मधे कुठंतरी आमची खोली.
बाजूनं बूट घातलेली माणसं घाम पुसत वर जातात,
वजन उतरवायला.
त्यातले एक काका आज थबकले.
"बऱ्याचदा दिसता. काही फरक?"
"आहे," मी म्हटलं. "तीनशे ग्रॅम."
"कमी?"
"वाढलं."
"अरेरे," ते म्हणाले,
"सोडू नका हं. नेटानं करा."